स्कॅफोल्ड आठवड्यात मऊ का पडतो, आणि त्याला बळ कुठून आणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.टेक.चा प्रकल्प चालू आहे. गुडघ्याच्या कूर्चेसाठी (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) अल्जिनेट-जिलेटिनची जाळी, म्हणजे पेशींना आधार देणारा स्कॅफोल्ड, बायोप्रिंटरवर छापली जाते. अल्जिनेट हा समुद्री शेवाळातून मिळणारा, जेल होणारा पदार्थ, आणि बायोप्रिंटर म्हणजे पेशी मिसळलेलं जेल थराथराने छापणारं यंत्र. छपाई सुबक होते, १०० मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवली की जाळी चिमट्याने उचलताही येते. पण इन्क्युबेटरमध्ये आठवडा काढला की चिमटा लावताच फाटते. म्हणून कॅल्शियम ३०० मिलिमोलरवर नेलं, तर पेशी मेल्या. आता गाइड म्हणतात पीसीएल (वितळवून छापता येणारं एक प्लास्टिक) घाला, शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो नॅनोक्ले (अतिसूक्ष्म कणांची माती) घाल, आणि तिसऱ्या कुणीतरी सुचवलंय की अल्जिनेटच ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर न्यावं. यातलं नेमकं काय करायचं?

आज तरी यातलं काहीच करू नका. मी गेली सतरा-अठरा वर्षं या जेलांमध्ये हात बुडवून बसले आहे, आणि माझा अनुभव असा की ‘मजबूत करायचंय’ म्हणून माणूस येतो तेव्हा दहातल्या सात वेळा जेल मुळात कमजोर नसतं, ते गळत असतं. गळक्या टाकीत पाणी वाढवून उपयोग नाही. आधी गळती कुठे आहे ते बघू.

तुमच्या वर्णनात मला दोन गळत्या दिसतात.

पहिली जिलेटिनची. पायाचं सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची थरथरणारी जेली झालेली असते, आणि गॅसवर ठेवताच पुन्हा पाणी. ते जिलेटिनच. प्रिंटरच्या नोझलपाशी २२-२५ अंशांना ते तुमची जाळी देखणी ठेवतं, पण इन्क्युबेटर ३७ अंशांवर असतो. तुम्ही कॅल्शियमने अल्जिनेटला बांधलंत, जिलेटिनला कुणीच बांधलेलं नाही. ते पहिल्या दोन-तीन दिवसांत विरघळून मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) जातं, आणि मीडियम बदलताना तुम्ही ते सक्शनने ओढून फेकून देता. मागे उरतं भोकं पडलेलं अल्जिनेट. पटत नसेल तर सोपी परीक्षा आहे: बिनपेशीच्या पाच-सहा चकत्या घ्या, निम्म्या छापल्याबरोबर पाण्याने विसळून ओव्हनमध्ये वाळवा, निम्म्या तीन दिवस ३७ अंशांना ठेवून मग तशाच विसळून वाळवा. कोरड्या वजनातला फरक म्हणजे जवळजवळ तुमचं निघून गेलेलं जिलेटिन.

दुसरी गळती कॅल्शियमची. अल्जिनेटच्या साखळीत ग्युल्युरोनिक आम्लाचे जे पट्टे असतात ते अंड्याच्या ट्रेसारखे समोरासमोर येतात आणि मधल्या खळग्यांत कॅल्शियम बसतं. बंध आहे, पण पक्का गाठ मारलेला नाही. मीडियममध्ये सोडियम दीडशे मिलिमोलरच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम १.८ मिलिमोलर. सोडियमची गर्दी रोज थोडं थोडं कॅल्शियम खळग्यातून बाहेर ढकलते. त्यात तुम्ही जाळी फॉस्फेट बफरने (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) तीन वेळा धुता (मेथडमध्ये तसं लिहिलंय तुम्ही). फॉस्फेट कॅल्शियमला धरून अवक्षेप करतं. अल्जिनेटमधून पेशी परत काढायच्या असतात तेव्हा आम्ही मुद्दाम सायट्रेट घालून कॅल्शियम खेचतो. त्याचाच सौम्य प्रयोग तुम्ही रोज नकळत करता आहात. धुण्यासाठी फॉस्फेटऐवजी हेपिस बफर वापरा, त्यात दोन-तीन मिलिमोलर कॅल्शियम असू द्या. एवढ्या एका बदलाने माझ्याकडच्या एका मुलीची जाळी पाच दिवसांऐवजी दोन आठवडे टिकली होती, आणि ती बिचारी तोवर तीन महिने पॉलिमर बदलत बसली होती.

३०० मिलिमोलरला पेशी का मेल्या याचं गणित एका ओळीचं आहे. कॅल्शियम क्लोराइड विरघळलं की एकाचे तीन आयन होतात. १०० मिलिमोलर म्हणजे ३०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप), शरीरातल्या द्रवाच्या जवळपास. ३०० मिलिमोलर म्हणजे ९००. मिठाच्या बरणीत टाकलेल्या कैरीच्या फोडीसारखं त्या पेशींचं पाणी निघून गेलं. वर जास्त कॅल्शियमने बाहेरची साल झटकन घट्ट होते आणि आत कॅल्शियम पोचायला उशीर होतो, म्हणजे बाहेरून कडक आणि आतून कच्चं. सारखं बांधायचं असेल तर कॅल्शियम कार्बोनेट आधीच जेलमध्ये मिसळून ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोनने हळूहळू आम्लता आणायची आणि कॅल्शियम आतूनच सोडायचं. मात्र ती वेळ छपाईशी जुळवणं कटकटीचं आहे. चकत्या ओतायच्या असतील तर जरूर करा, छापायचं असेल तर मी नाही सुचवणार.

आता जिलेटिनला बांधायचं कशाने? ग्लुटारल्डिहाइडने ते छान ताठ होतं, पण पेशी आत असताना तो विषय काढूच नका. जेनिपिन सौम्य आहे, जाळी निळी होते, वेळ लागतो, महाग पडतं. तुमच्या बजेटमध्ये दोन रस्ते बरे. एक ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम. खाद्यउद्योगात मांसाचे तुकडे जोडायला वापरतात तेच. दुसरा म्हणजे जिलेटिनलाच मेथाक्रिलेटचे, म्हणजे प्रकाशात एकमेकांना धरणारे, हात लावून घेणं, ज्याला सगळे जेलमा म्हणतात. हे २००० साली बेल्जियममधल्या घेंटच्या गटाने मांडलं आणि आज बायोप्रिंटिंगची निम्मी दुनिया त्यावर चालते. एलएपी हा फोटोइनिशिएटर (प्रकाश पडला की बांधणी सुरू करणारं रसायन) आणि ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश वापरा. जुन्या पेपरांतला ३६५ नॅनोमीटरचा दिवा आणि इर्गाक्युअर हा इनिशिएटर पेशींना जास्त जड जातं. प्रकाश देताना हवेतला ऑक्सिजन वरच्या थराचा क्रॉसलिंक (साखळ्यांची बांधणी) अडवतो. वरचा थर बोटाला चिकट लागला तर इनिशिएटर वाढवण्याआधी वरून नायट्रोजन सोडून बघा.

इथपर्यंत झालं की जाळी आठवडाभर टिकेल. पण टिकणं आणि कूर्चेएवढं बळ असणं यांत फार अंतर आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

त्याआधी मोजण्याबद्दल. तुम्ही पाठवलेला आलेख बघितला. तो महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागातल्या यूटीएमवर (नमुने ओढून-दाबून बघायचं यंत्र) काढलाय, ५ किलोन्यूटनच्या लोडसेलवर (बळ मोजणारा भाग). करून बघू: ६ मिलिमीटर व्यासाची चकती म्हणजे २८ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ. २० किलोपास्कलचं जेल १० टक्के दाबलं की ताण २ किलोपास्कल, म्हणजे बळ ०.०५७ न्यूटन, सहा ग्रॅमच्या आतबाहेरचं वजन. पाच रुपयांच्या नाण्याएवढं. जी यंत्रणा लोखंडी सळया ओढायला ठेवली आहे तिच्यावर हे नाणं ठेवून तुम्ही दशांशाच्या दोन जागांपर्यंत मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) काढलाय. तो जेलचा नाही, लोडसेलच्या थरथरीचा आलेख आहे. मला हे ठामपणे सांगता येतं कारण पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी हेच केलं होतं, त्यावर पोस्टर लावलं होतं, आणि एका परीक्षकाने चष्मा वर करून फक्त ‘लोडसेल केवढा?’ एवढंच विचारलं होतं. ५ किंवा १० न्यूटनचा लोडसेल मिळवा. पाषाणला एनसीएलचा (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा) पॉलिमर विभाग आहे, शेजारीच व्हेंचर सेंटर हे स्टार्टअप केंद्र आहे. गाइडच्या सहीचं पत्र आणि नमुन्यांची नीट यादी घेऊन विचारायला लाजू नका.

चाचणी ओल्यातच करा, ३७ अंशांच्या द्रवात. सुकत चाललेलं जेल दर मिनिटाला ताठ होत जातं. चकती बायोप्सी पंचने कापा, कडा टिश्यूपेपरला हलक्या टेकवून पाणी टिपा, दाबण्याचा वेग सगळीकडे सारखा ठेवा, आणि मॉड्युलस पहिल्या १०-१५ टक्क्यांच्या उतारावरून काढा. दिवस ०, १, ३, ७, १४. शून्याव्या दिवसाचा आकडा सगळेच छापतात. मला सातव्याचा हवा.

आणि एक बकऱ्याचा गुडघा आणा. कँपात शिवाजी मार्केटमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या मटणवाल्याकडे सकाळी लवकर गेलात तर अखंड सांधा मिळतो. सांधा उघडा, ती निळसर पांढरी चकचकीत कूर्चा पंचने काढा आणि त्याच यंत्रावर, त्याच वेगाने दाबा. पेपरातला आकडा वाचणं वेगळं आणि तुमच्या हाताखालचा आलेख बघणं वेगळं. सांध्याच्या कूर्चेचा दाबातला मॉड्युलस साधारण अर्धा ते एक मेगापास्कल धरतात. तुमचं जेल दहा-वीस किलोपास्कल. पंचवीस ते शंभर पटींचं अंतर.

हे अंतर जेल घट्ट करून भरून निघत नाही. ८ टक्के अल्जिनेटचा विचार इथेच सोडा. पाक जसा तारेवर येतो तसं ते जड होतं, नोझलमधून ढकलायला दाब वाढतो, आणि त्या घर्षणात पेशी फाटतात. उरलेल्या जगल्या तरी जाळं इतकं दाट असतं की त्यांनी तयार केलेलं कोलॅजेन आणि प्रोटिओग्लायकन (कूर्चेचे धागे आणि पाणी धरणारे रेणू) दूर पसरू शकत नाही, पेशीभोवतीच गोळा होऊन बसतं. दोन पेशींच्या मधला भाग रिकामाच राहतो. आणि ताठपणा वाढला तरी चिवटपणा वाढत नाही. पापड ताठ असतो, पण म्हणून तो मजबूत नसतो. गुडघ्याला दिवसाला हजारो वेळा दाबून परत येणारी वस्तू हवी आहे.

निसर्गाने हे कसं केलंय बघा. कूर्चेत ७०-८० टक्के पाणी आहे. ते पाणी धरून फुगणारे प्रोटिओग्लायकन, आणि त्या फुगण्याला बांधून ठेवणारं कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं. दाब पाण्यावर येतो, ओढ धाग्यांवर. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात पीओपीची मूर्ती करताना कारागीर त्यात काथ्या घालतात. काथ्याने पीओपी कठीण होत नाही, पण हात तडकला तरी निखळत नाही. ढोलाचं उदाहरण तर पुण्यात समजावून सांगायलाच नको: पान ताणलं जातं ते दोऱ्यांमुळे. दोऱ्या सोडा, ढोल मुका.

जेलमध्ये नेमकं हेच करून दाखवलं गेलं २०१५ साली. नेदरलँड्स, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी मिळून पीसीएलचे अतिबारीक धागे चौकटीत रचले आणि त्यात जेलमा ओतलं. धाग्यांचं आकारमान अगदी थोडं, ९३ ते ९८ टक्के जागा मोकळी. एकट्या जेलपेक्षा ताठपणा ५४ पटींपर्यंत वाढला. एकटी धाग्यांची चौकट दाबली तर ती लगेच वाकते. एकटं जेल मऊच. एकत्र आल्यावर मात्र बेरजेपेक्षा कितीतरी जास्त, कारण जेल दाबलं की त्याचं घनफळ कमी होत नाही, ते बाजूंना फुगतं. फुगताना आडवे धागे ताणले जातात, आणि धागा ताणात ताकदवान असतो. भार येतो वरून, पण तो पेलला जातो आडव्या ओढीत.

हे तुम्हाला समजलं तर पीसीएल ‘घालायचं’ की नाही हा प्रश्नच बदलतो. कसं घालायचं हा प्रश्न उरतो. तुमच्या प्रिंटरला दुसरं गरम डोकं आहे. त्याने पीसीएल छापलं (ते ६० अंशांना वितळतं, छापताना त्याहून बरंच वर न्यावं लागतं) तर तुम्हाला ३०० मायक्रोमीटरचे दांडे मिळतील. ते दांडे म्हणजे खांब. वरून दाबलं की भार खांब घेतात आणि जेल खांबांच्या मध्ये निवांत बसतं. आलेखावर आकडा मेगापास्कलमध्ये येईल, गाइड खूश होतील, पण तुम्ही जेलला बळ दिलेलं नसेल, जेलभोवती पिंजरा बांधला असेल. जबड्याच्या किंवा कवटीच्या हाडासाठी हा पिंजरा अगदी योग्य आहे. अमेरिकेत वेक फॉरेस्टच्या गटाने २०१६ मध्ये पीसीएल आणि पेशींचं जेल शेजारी-शेजारी छापून, मध्ये अन्न-ऑक्सिजनसाठी बारीक वाटा ठेवून हाड, कान, स्नायू करून दाखवले ते याच मार्गाने. कूर्चेच्या पेशींना मात्र दाब जाणवावा लागतो. त्यांच्यापर्यंत भार पोचलाच नाही तर त्या आपलं काम विसरतात. म्हणून एक चाचणी न चुकता करा: रिकामी चौकट, एकटं जेल आणि दोन्ही एकत्र. एकत्रचा आकडा रिकाम्या चौकटीएवढाच आला तर जेल फुकट आहे.

बारीक धाग्यांसाठी मेल्ट इलेक्ट्रोरायटिंग लागतं. किलोव्होल्टचा पुरवठा, सरकता टेबल, धागे दहा-वीस मायक्रोमीटरचे. ते यंत्र तुमच्याकडे नसेल तर मी रेशमाकडे जाईन. हा माझा लाडका विषय आहे, तेव्हा थोडी पक्षपाती आहे हे मान्य. मराठवाड्यात तुतीचं रेशीम पिकतं, कोष सहज मिळतात. कोष कापून ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये अर्धा तास उकळा, सेरिसिन (तंतूंवरचा डिंक) निघून जातं. ते गेलंच पाहिजे, नाहीतर शरीरात दाह होऊ शकतो. भरपूर पाण्याने धुऊन पिळलं की हातात कापसासारखा गुंता येतो. त्यातला एकेक तंतू दहा मायक्रोमीटरच्या आसपास. हा पूर्ण विरघळवायचा असेल तर ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड, ६० अंश, चार तास आणि मग दोन-तीन दिवस डायलिसिस. पण इथे विरघळवायची गरज नाही. वाळवून कात्रीने बारीक कापा आणि बायोइंकमध्ये (छापायच्या जेलात) मिसळा. नोझलच्या आतल्या व्यासापेक्षा तुकडे लांब झाले की बोळा बसतो. २५ गेजच्या सुईचा व्यास पाव मिलिमीटर, त्यामुळे मी दीडशे-दोनशे मायक्रोमीटरवर थांबते. एवढ्या आखूड धाग्यांनी ५४ पट मिळणार नाही, पण तडा पुढे सरकायचा थांबतो, आणि कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

धागा पीसीएलचा असो की रेशमाचा, तो जेलला धरून असला तरच उपयोग. पीसीएल पाण्याला नावडतं, जेल त्यावरून सटकतं. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास ठेवून पृष्ठभाग खरखरीत आणि पाणीप्रिय करा आणि सामू उतरेपर्यंत धुवा. धरलंय का हे बघायला ब्लेडने तुकडा कापा, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवा आणि धाग्याचं टोक बारीक चिमट्याने ओढा. धागा जेलचे चिकटलेले कण घेऊन आला तर ठीक. कोरा, चकचकीत निघून आला तर तुमच्या जाळीत धाग्यांच्या आकाराची भोकं आहेत, धागे नाहीत.

थरांचंही तेच. प्रत्येक थर पूर्ण पक्का करून त्यावर दुसरा टाकलात तर चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. थर अर्धवट बांधा, सगळे रचून झाल्यावर शेवटचा पूर्ण क्रॉसलिंक द्या.

नॅनोक्लेबद्दल मित्राला सांगा की त्याने छपाई सुधारते. नोझलमधून बाहेर पडल्यावर धार लगेच उभी राहते, पसरत नाही. नॅनोसेल्युलोजचंही मुख्य काम तेच. सातव्या दिवसाच्या बळात त्यांचा वाटा असतो पण तो आपोआप येत नाही, आणि पेपरांत या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की वाचणाऱ्याने सावध राहावं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हे हाडातलं खनिज आहे, ते हाडासाठी ठीक. कूर्चेत ते घालून पेशींना हाडाचा रस्ता दाखवू नका. दुहेरी जाळ्याची जेलं, म्हणजे एक जाळं तुटून ऊर्जा शोषतं आणि दुसरं ताणून धरतं, होक्काइदोच्या गटाने २००३ मध्ये आणली. २०१२ मध्ये हार्वर्डच्या गटाने अल्जिनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं जेल वीसपटीहून जास्त ताणून दाखवलं. वाचायला सुंदर, पण अ‍ॅक्रिलामाइडचा मोनोमर विषारी आहे, जिवंत पेशी आत ठेवून ते करता येणार नाही. कल्पना घ्या, रसायन नको. तुमचं कॅल्शियमचं अल्जिनेट आणि प्रकाशाने बांधलेलं जेलमा हे एकत्र आले की तेही एक प्रकारचं दुहेरी जाळंच आहे.

निर्जंतुकीकरणाचं विसरणार होते. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने एकदा अल्जिनेटचं द्रावण ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवलं. मधासारखं आत गेलं आणि ताकासारखं बाहेर आलं. उष्णतेने साखळ्या तुटतात, मग कितीही कॅल्शियम द्या. पातळ असतानाच ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून, फ्रीझ-ड्राय करून, हुडमध्ये निर्जंतुक पाण्यात पुन्हा हवं तेवढं घट्ट भिजवा.

गाइडना कसं सांगायचं, हेही विचारलंयत. ‘पीसीएल नको’ म्हणू नका. ‘सर, पीसीएलच्या आधी दोन आठवडे द्या’ म्हणा. पहिल्या आठवड्यात चार गट: आत्ताचं जेल, फॉस्फेटऐवजी हेपिसने धुतलेलं, ट्रान्सग्लुटामिनेजने बांधलेलं, आणि दोन्ही बदल केलेलं. सगळे बिनपेशीचे, प्रत्येक दिवसाला किमान पाच चकत्या. ज्या गटाचा आकडा सातव्या दिवशी सर्वांत कमी घसरलेला असेल त्यातच पुढे धागे घालायचे आणि त्यातच पेशी. पेशी घातल्यावर बिनपेशीचा जोडीदार गट शेवटपर्यंत सोबत ठेवा. चौथ्या आठवड्यात पेशींच्या गटाचा मॉड्युलस जोडीदारापेक्षा वर गेला तर पेशींनी स्वतःचं काही विणायला घेतलंय असं समजायचं.

चकत्या सोमवारी टाका. म्हणजे मोजायचे दिवस सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि पुढचे दोन सोमवार येतील. गुरुवारची मोजणी सकाळी आठच्या आत उरका. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि तुमच्या विभागातला यूपीएस फक्त कॉम्प्युटरला जोडलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय.